शून्य युरोच्या सासूबाई

"पाच हजार शंभर!" प्रसन्न फोनवर एवढंच म्हणाला आणि हसत सुटला.

विभावरी मगदूम तेव्हा सांगलीच्या पूर-अंदाज कक्षात कृष्णेच्या पातळीचे आलेख तपासत होती. नदी आपली गुमान वाहत होती, जानेवारी महिना होता, घाई कशाचीच नव्हती. तरी तिच्या हातातला पेन खाली पडला.

"नीट सांग. किती?"

"पाच हजार शंभर युरो. आणि ते देतायत सहा हजार दोनशे. विभा, अकराशे उरतायत महिन्याला! निघालो आपण रॉटरडॅमला."

विभावरीने फोन ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला उगाचच पाणी विचारलं. २०१९ च्या पुरात चौदा वर्षांची विभावरी तीन दिवस शाळेच्या गच्चीवर बसून होती. पाणी कधी उतरणार हे एकाही मोठ्या माणसाला सांगता येत नव्हतं, याचा तिला पाण्यापेक्षा जास्त राग आला होता. त्या रागावर तिचं शिक्षण झालं, नोकरी झाली. आता बावीस वर्षांनी रॉटरडॅमजवळची एक संस्था तिला बोलावत होती. समुद्र चढला की नदीचं अख्खं मुख बंद करणारे प्रचंड दरवाजे ही मंडळी सांभाळत. ते कधी मिटायचे आणि कधी उघडायचे, हे ठरवणाऱ्या गटात तिची जागा होती. अशी संधी दुसऱ्यांदा दारात येणार नव्हती. फक्त समजीवनाचा आकडा आडवा येऊ नये, एवढीच धाकधूक होती.

समजीवनाची ही भानगड थोडी सांगायला हवी. पूर्वी परदेशी जाणारा माणूस तिथलं घरभाडं, बटाट्याचा भाव, बसचं तिकीट असं सगळं इंटरनेटवर बघायचा, बोटांवर हिशेब करायचा आणि बॅगा भरायचा. हिशेब बरोबर असायचा, पण माणसं चुकायची. पगार पुरायचा, झोप पुरायची नाही. दोन वर्षांत निम्मी कुटुंबं कुढून परत यायची आणि कंपन्यांचे पैसे पाण्यात जायचे. मग काही शास्त्रज्ञांनी प्रश्नच उलटा केला. तिथे जगायला किती लागतं, हे विचारायचंच नाही. तुम्ही इथे जसे जगता, तसंच तिथे जगायला तुम्हाला किती लागेल, हे विचारायचं.

त्यासाठी नव्वद दिवस घराची नोंद होई. वीज, पाणी, गॅस, फोनवरून दिलेले पैसे, घरातल्या प्रत्येकाच्या मनगटावरचा नेहमीचा पट्टा. कोण किती वाजता उठतं, कोण कुणाला जेवायला वाढतं, कुणाच्या आवाजाने कुणाची नाडी शांत होते, सगळं. या नोंदीतून यंत्र एक प्रतिकुटुंब तयार करी. गणितातलंच, पण तुमच्यासारखं वागणारं. ते प्रतिकुटुंब मग त्या परक्या शहराच्या प्रतिकृतीत सोडायचं आणि दहा हजार वेळा वर्षभर जगवायचं. कधी मुलीला ताप, कधी भाडेवाढ, कधी सायकल चोरीला. दहातल्या नऊ वेळा ते कुटुंब इथल्याइतकंच सुखाने झोपेल, असा जो पगार, तो तुमचा समजीवन आकडा.

खरी करामत पुढे होती. घरात जे फुकट होतं त्याची किंमत कशी काढायची? यंत्र प्रतिकुटुंबातून एक माणूस उचलून बाजूला ठेवी. उरलेल्यांची झोप बिघडे, नाडी वाढे. मग यंत्र पैसे ओतत जाई, सांभाळणारी बाई आण, तयार जेवण आण, आणि झोप पूर्ववत झाली की थांबे. जेवढे ओतले, तेवढी त्या माणसाची किंमत. युरोपातल्या बऱ्याच देशांनी आता नियमच केला होता: पगार या आकड्यापेक्षा कमी असेल तर परवाना नाही.

नोंद होतेय म्हटल्यावर लोक सोंग करणार, हे शास्त्रज्ञांनाही ठाऊक होतं. म्हणून पहिले पंधरा दिवस ते टाकूनच देत. उरलेले पंचाहत्तर दिवस सोंग टिकवणं कुणालाही जमत नाही, असं त्यांचं संशोधन सांगत होतं. प्रसन्नचंच बघा. पहिले पंधरा दिवस तो मिसळ न खाता राहिला, सोळाव्या दिवशी दोन प्लेट मागवून बसला. शास्त्र अगदी बरोबर होतं. मात्र शास्त्रज्ञांची विभावरीच्या सासूबाईंशी गाठ पडली नव्हती.

संध्याकाळी प्रसन्न जिलबी घेऊन आला. तो पुलांचे आराखडे तपासायचा आणि ते काम लॅपटॉप नेईल तिथे होणारं होतं, त्यामुळे त्याच्या डोक्यात रॉटरडॅमचं घर लागलंसुद्धा होतं. चार वर्षांची ईरा जिलबीच्या पाकात कोपरापर्यंत माखली. सासूबाईंनी, म्हणजे पद्मावती मगदूम यांनी, विभावरीच्या हातावर साखर ठेवली.

"बरं झालं बाई. आता मागं बघू नका," एवढं बोलून त्या चपला घालून बाहेरही पडल्या.

हे असं तीन महिने चाललं होतं. पोस्टाच्या काउंटरवर बत्तीस वर्षं काढलेली ही बाई. निवृत्त झाल्यापासून घर तिच्याच तालावर चाले. पहाटे डबे, दुपारी ईराला बालवाडीतून आणणं, आणि संध्याकाळचं जेवण. त्या जैन. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. विभावरी आणि प्रसन्न तो कधीच सोडून बसले होते, पण ईरा आजीच्याच पानात जेवायची. सहाच्या आत दोघी गॅलरीत बसायच्या, शेवटचा घास संपला की मावळत्या सूर्याला टाटा करायच्या. पण नोंद सुरू झाली आणि सासूबाईंनी हातच काढून घेतला. गुडघा दुखतो म्हणून डबे बंद. बालवाडीला रिक्षा लावा म्हणाल्या. एकट्याच लवकर जेवून घ्यायच्या आणि "तुझी आई वाढेल तुला," म्हणून निघून जायच्या. पहिले काही दिवस ईरा दारात उभी राहून रडली. आपण जातोय म्हणून त्या रुसल्यात, असंच विभावरीने धरलं होतं, आणि रुसायचा त्यांना हक्क आहे असंही तिला वाटे. कायद्याने त्यांना तिकडे कायमचं नेता येत नव्हतं. फार तर तीन महिन्यांची भेट.

जिलबी संपल्यावर तिने अहवाल उघडला. घरभाडं एवढं, विमा एवढा, अंधाऱ्या हिवाळ्यात दिव्यांचा खर्च एवढा. शेवटच्या पानावर घरातल्या माणसांचं कोष्टक होतं. कोण नसेल तर त्याची भरपाई करायला किती लागेल. तिथे लिहिलं होतं:

पद्मावती मगदूम (आजी): ० युरो.

विभावरी त्या शून्याकडे बघतच राहिली. आलेख वाचून तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नदीची पातळी शून्य दिसली की नदी आटलेली नसते, मोजणारी पट्टी मोडलेली असते, हे तिला पक्कं माहीत होतं.

"प्रसन्न, हे बघ."

त्याने बघितलं. त्याचाही चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "अगं, आई तीन महिने काही करतच नव्हती. यंत्राने जे बघितलं ते सांगितलं."

"गुडघा दुखणारी बाई रोज दोन तास जाते कुठे?"



दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी दहाला सासूबाई निघाल्या, तशी विभावरीही स्कूटर काढून मागोमाग निघाली. त्या रिक्षात बसल्या नाहीत. गुडघ्याचं नाव नाही, झपझप चालत आमराईत शिरल्या. आत गेल्यावर डाव्या हाताला पत्र्याची शेड होती. तिथे सहा-सात निवृत्त बायका कॅरमभोवती बसल्या होत्या. सासूबाईंनी पदर खोचला, स्ट्रायकर घेतला आणि पहिल्याच फटक्यात राणी घालवली.

"आई!"

सासूबाईंनी मान वर केली. क्षणभर त्यांचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला. मग त्यांनी शांतपणे राणीवर शिक्कामोर्तब करणारी सोंगटीही घालवली, स्ट्रायकर शेजारणीकडे दिला आणि उठल्या.

दोघी आंब्याखालच्या बाकावर बसल्या.

"गुडघा बराय वाटतं," विभावरी म्हणाली.

"गुडघ्याला काय धाड भरलीय."

"मग हे कशासाठी केलंत?"

"त्या कुलकर्णीबाईंच्या मुलाचं ऐकलं होतं मी. सगळं ठरलं होतं त्याचं कॅनडाचं. पण यंत्र म्हणालं, आजी-आजोबांची भरपाई करायची तर पगार पुरणार नाही. गेला परवाना. पोरगा बसलाय घरात, आणि म्हातारा-म्हातारी रोज स्वतःला बोल लावतायत. मला तसं नको होतं. पोस्टात बत्तीस वर्षं फॉर्म बघितलेत मी. कुठल्या रकान्यात अडकतं ते मला कळतं की."

"म्हणून स्वतःलाच शून्य केलंत?"

"शून्यानं कुणाचं काय बिघडतंय?"

विभावरीला एकदम रडू कोसळलं. तीन महिने ती या बाईला रुसलेली समजत होती, मनातल्या मनात तिच्यावर चिडत होती. आणि ही रोज घरातून निघताना स्वतःला थोडं थोडं पुसून जात होती.

"ईरा दारात रडायची तेव्हा?" तिने विचारलं.

"ते नको विचारू," सासूबाई म्हणाल्या. पदर डोळ्यांना लावला, लगेच काढला. "पहिला आठवडा मी इथं येऊन नुसती बसायचे. घास उतरायचा नाही. बाकी सगळं जमलं बघ, तेवढं एक जमत नव्हतं."

शेडमधून कुणीतरी हाक मारली, "पद्माताई, तुमचा डाव!" सासूबाईंनी हातानेच थांबा म्हटलं.

"मी दुरुस्ती करणार," विभावरी म्हणाली. निकालानंतर पंधरा दिवसांत घरातलं कुणीही 'ही नोंद खरी नाही' असं लिहून देऊ शके. यंत्र मग मागच्या तीन वर्षांचे गॅसचे, पट्ट्यांचे आकडे पडताळून नवा आकडा काढी. अशी संधी एकदाच मिळे.

"खुळी का काय तू? आकडा वर गेला तर नोकरी जाईल."

"जाईल. पण माझ्या घरात शून्य युरोची बाई राहते, या दाखल्यावर मी तिकडे जाऊन दरवाजे राखणार नाही. चुकीच्या आकड्यावर धरणाचा दरवाजा उघडला तर काय होतं, ते गच्चीवर बसून बघितलंय मी."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण सुनेचा हा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा.

रविवारी दुपारी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. ईरा खाली फरशीवर डबे रचत होती. प्रसन्नचं तोंड उतरलेलं होतं. नाही म्हणायचं त्याच्या मनात होतं आणि तोंडून निघत नव्हतं. आईच्या नावापुढचं शून्य त्यालाही रात्रभर टोचलं होतं.

"लिही," विभावरी म्हणाली. "पहाटेचे तीन डबे."

"डबे नको लिहू," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आता पुन्हा खोटं नको."

"खोटं नव्हे गं. खरंच सांगते." सासूबाई जरा ओशाळल्या. "तीन महिने उशिरा उठायची सवय लागली मला. सात वाजता उठून चहा पिते, पेपर वाचते. सोंग म्हणून सुरू केलं, पण आता तसंच आवडायला लागलंय. तुम्ही गेलात न गेलात, डबे मी करणार नाही. कॅरमची स्पर्धा आहे मार्चात, मला सरावाला जायचं असतं."

प्रसन्न आणि विभावरी एकमेकांकडे बघून हसायला लागले. दहा हजार वेळा वर्ष जगवणाऱ्या यंत्राला हे सुचलं नव्हतं. माणूस आहे तसाच राहतो, हे त्याने गृहीत धरलं होतं.

"मग काय लिहू?" प्रसन्नने विचारलं.

"बालवाडीतून आणणं लिही. रिक्षावाला तिला मागं कोंबतो, मला बघवत नाही. आणि..." त्या थांबल्या. खाली ईराने रचलेला मनोरा कोसळला आणि ती खदखदून हसली. "आणि संध्याकाळचं जेवण. ते लिही. त्यानं नोकरी जाणार असेल तर माझ्यावर रागावू नका, पण ते मी करते, ते माझं आहे. ते नाही असं मला दुसऱ्यांदा म्हणता येणार नाही."

प्रसन्नने मान खाली घालून लिहिलं. सासूबाईंनी पोस्टाच्या सवयीने फॉर्म दोनदा वाचला आणि अंगठा टेकवला.

अंतिम सही करण्याआधी कच्चा आकडा दिसे. तो यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत विभावरीने कुणाला कळू न देता रॉटरडॅमच्या घरांची चित्रं फोनवरून काढून टाकली. नोकरी गेलीच तर दुःख कमी व्हावं म्हणून.

मंगळवारी संध्याकाळी आकडा आला. सहा हजार दोनशे साठ.

"साठ युरोंनी!" प्रसन्नने कपाळावर हात मारला. "हजार-बाराशेंनी हुकलं असतं तर समजूत तरी घातली असती."

विभावरीने अहवाल आलेखांसारखा वाचला, महिन्यावार. फेब्रुवारी ते ऑक्टोबर खर्चाची रेघ, ईराला बालवाडीतून आणून सांभाळणाऱ्या बाईचे अकराशे धरून, सपाट होती. आईबाप साडेपाचला घरी येत, मुलीला जेवायला घालत. नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीत मात्र रेघ टेकाडासारखी वर जात होती. दरमहा दोनशे चाळीस युरो जास्त. कारण वाचून तिला हसावं की रडावं कळेना. डिसेंबरात रॉटरडॅमचा सूर्य साडेचारलाच मावळतो. ही मुलगी सूर्यास्ताआधी जेवते, एवढं यंत्राला तीन वर्षांच्या नोंदीतून पक्कं समजलं होतं. मग साडेचारच्या आत तिला जेवू कोण घालणार? सांभाळणारी बाई स्वयंपाक करत नाही. म्हणून यंत्राने त्या तीन महिन्यांसाठी स्वयंपाकाची वेगळी बाई लावली होती. वर्षाची सरासरी काढली की महिन्याला साठ युरो.

"एवढी एक सवय काढून टाकली की झालं!" प्रसन्न म्हणाला. "बरोब्बर सहा हजार दोनशे."

"काढ रे," सासूबाईही म्हणाल्या. "नेम माझा आहे, पोरीचा कुठाय? ती माझ्याबरोबर बसते म्हणून जेवते."

"नाही," विभावरी म्हणाली. "तुमच्याबरोबर बसते, हेच तर खरं आहे. ते राहू दे. मी फोन लावते."

पलीकडे हानेके होती, त्या संस्थेची पन्नाशीतली प्रमुख. मधला अनुवादक दोघींचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकवत होता.

"साठ युरो जास्त हवेत," विभावरी म्हणाली. आयुष्यात तिने पगार वाढवून मागितला नव्हता. "आधीचा आकडा चुकीचा होता. तो आम्हीच चुकवला होता. हा खरा आहे."

"कारण काय लिहू?" हानेकेने विचारलं.

"तुमच्याकडे डिसेंबरात सूर्य साडेचारला मावळतो."

मग विभावरीने सगळं सांगितलं. शून्य, कॅरम, गॅलरीतलं जेवण, काहीही न लपवता. ऐकून झाल्यावर हानेके इतकी हसली की अनुवादकाला काय करावं ते कळेना.

"साडेचारच्या सूर्याबद्दल तर आम्ही सगळ्यांनीच वाढ मागायला हवी," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "पाच हजार शंभरचा दाखला आमच्याकडे मंजूर होऊन पडला होता. तू गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं नसतं. पाणी मोजायला मला अशीच माणसं हवीत. साठ दिले."

विभावरी फोन ठेवून खुर्चीत बसली. प्रसन्नने ईराला उचलून छतापर्यंत उडवलं. सासूबाई मात्र बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"बारा सक बहात्तर," त्या म्हणाल्या. "म्हणजे वर्षाचे सातशे वीस झाले. एवढे सगळे त्या स्वयंपाकवालीला द्यायचे?"

"यंत्र तसं म्हणतंय," विभावरी म्हणाली.

"यंत्राला काय कळतंय. प्रसन्न, सातशे विसात जाऊन-येऊन विमानाचं तिकीट बसतं का बघ रे."

प्रसन्नने ईराला खाली ठेवून फोनवर पाहिलं. "आत्ताच काढून ठेवलं तर बसतं. नोव्हेंबरात जायचं, जानेवारीअखेर यायचं."

"मग काढ. तीन महिने राहू देतात ना? तेवढेच हवेत मला." सासूबाईंनी ईराचा चुरगळलेला फ्रॉक ओढून सारखा केला. "चार वाजता आम्ही दोघी जेवून घेऊ. तुमचं तुम्ही आल्यावर बघा."